चार अक्षरांचा स्वभाव

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात नाव, गाव, शाखा सांगून झालं की हल्ली कुणीतरी सांगतं, ‘मी आयएनएफपी.’ ऐकणाऱ्यालाही ते कळतं : हा अंतर्मुख, कल्पनेत रमणारा, मनाचं ऐकणारा, वेळापत्रकाशी फारसं न जमणारा. एकेकाळी आपण अशा मुलाला नुसतं ‘एकलकोंडा’ म्हणून मोकळे व्हायचो.

ही अक्षरं ‘मायर्स-ब्रिग्ज’ या स्वभावचाचणीतली. ती एखाद्या प्रयोगशाळेतून आली असतील असं वाटतं. खरं तर या गोष्टीची सुरुवात होते एका जावयापासून. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या इझाबेल ब्रिग्जने कायद्याचा विद्यार्थी क्लॅरेन्स मायर्स याला घरी आणलं. घर कल्पनेच्या भराऱ्या मारणारं. हा मात्र तपशिलाला पक्का, व्यवहारी. आईला, कॅथरीन ब्रिग्जना, मुलगा पसंत होता, पण उमगेना. स्वभावाला औषध नाही म्हणून आपण विषय सोडून देतो. या बाई थोरामोठ्यांची चरित्रं वाचत बसल्या आणि माणसांचे प्रकार पाडू लागल्या. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. १९२१ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक जर्मनमध्ये आलं आणि १९२३ साली इंग्रजीत. ते वाचल्यावर त्यांनी आपली मांडणी बाजूला ठेवली आणि युंगच धरले. ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही आज आपल्याही तोंडी रुळलेली जोडी युंगचीच.

प्रश्नावली मात्र लेकीची. दुसऱ्या महायुद्धात माणसं नव्यानव्या कामांवर जाऊ लागली, तेव्हा कुणाला कुठलं काम मानवेल हे सांगता यावं म्हणून इझाबेल प्रश्न रचू लागल्या. तोवर त्यांच्या नावावर होती ती बक्षीसपात्र रहस्यकथा. युंगच्या तीन जोड्यांना (अंतर्मुख की बहिर्मुख, तपशील पाहणारे की कल्पनेत रमणारे, डोक्याने ठरवणारे की मनाने) त्यांनी चौथी जोडली : आखून जगणारे आणि येईल तसं घेणारे. दोन गुणिले दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन, झाले सोळा.

विद्यार्थी इथे येतात ते नमुना म्हणून. १९५० च्या दशकात इझाबेलनी वैद्यकीय महाविद्यालयांची दारं ठोठावली आणि ४५ महाविद्यालयांतल्या ५,३५५ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. कोण कुठल्या शाखेचा डॉक्टर होतो, हे त्यांना पुढे ताडून पाहायचं होतं. एकटीच्या हिमतीवर एवढा पसारा मांडणाऱ्या बाईला दाद द्यावीच लागते, चाचणीविषयी मत काहीही असो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेचं काम पाहणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने ती प्रसिद्ध केली, पण फक्त संशोधनापुरती. तिथल्या काही मानसशास्त्रज्ञांना ती पटलेली नव्हती. १९७५ पासून ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि मग कॉलेजांची समुपदेशन केंद्रं, कंपन्यांची प्रशिक्षणं अशी सगळीकडे पसरली.

आक्षेप मधल्या रेघेवर आहे. बहुतेक माणसं धड अंतर्मुखही नसतात आणि धड बहिर्मुखही. त्यांचे गुण मध्याच्या आसपास गर्दी करतात. चाचणी नेमकी तिथेच सुरी चालवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नावली भरणारी मुलगी एका बाजूला पडते, गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी भरली तर दुसऱ्या, आणि दोन्ही वेळा वर्णन वाचून ‘अगदी मीच!’ म्हणते.

या ‘अगदी मीच’चाही जुना प्रयोग आहे, आणि तोही विद्यार्थ्यांवरचाच. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या ३९ जणांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती ‘तुझं’ वर्णन दिलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन वर्गाने ते खरं ठरवलं. मग कळलं की कागद सगळ्यांचा एकच होता, आणि मजकूर मुख्यतः रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातला. राशिभविष्य वाचणाऱ्या आजीला हसणाऱ्यांनी हे एकदा आजीलाच वाचून दाखवावं.

आज मोबाइलवर दहा मिनिटांत सोडवली जाते ती बहुधा मायर्सबाईंची चाचणी नसतेच. तिची मूळ आवृत्ती पैसे मोजून घ्यावी लागते. फुकटातली सर्वांत गाजलेली चाचणी अक्षरं तीच वापरते, पण मोजते वेगळ्या, पाच घटकांच्या पद्धतीने. म्हणून तिथे चार अक्षरांनंतर एक आडवी रेघ आणि पुढे पाचवं अक्षर येतं, ‘ए’ (स्वतःवर भरवसा असलेला) किंवा ‘टी’ (स्वतःविषयी साशंक). ओळख करून देताना ते बहुतेक जण गाळतात.