शिरोरेषा जोडणारा साचा

शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे टोकाला उलटे अक्षर असलेल्या धातूच्या सुट्या तुकड्यांवर, छापलेले एखादे जुने मराठी पुस्तक भिंगाखाली धरले, तर शब्दाच्या माथ्यावरची शिरोरेषा ही एक सलग रेघ नसून शेजारीशेजारी उभ्या केलेल्या खिळ्यांवरच्या आखूड रेघांची जोड आहे, हे लगेच ध्यानात येते. प्रत्येक खिळ्यावर ती रेघ अगदी कडेपर्यंत आणलेली असते आणि खिळे एकमेकांना घट्ट भिडले तरच ती डोळ्याला अखंड भासते. रोमन लिपीत अक्षरे सुटी असल्यामुळे दोन खिळ्यांमध्ये केसभर अंतर राहिले तरी वाचकाच्या ते लक्षात येत नाही. देवनागरीत मात्र तेच अंतर पांढरी फट होऊन उमटते. जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरवळणांनी देवनागरी छपाईला नवे रूप आले. त्या वळणांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु सुंदर वळण कागदावर शाबूत उतरायचे, तर खिळा ज्या साच्यात ओतला जातो त्या साच्याची निगाही तितकीच चोख असावी लागते.

हाताने चालवायच्या साच्याचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांवर सरकवून बसवले की मधे खिळ्याच्या अंगाएवढी चौकोनी पोकळी तयार होते. पोकळीच्या एका टोकाला मातृका, म्हणजे अक्षर कोरलेला पोलादी ठसा (पंच) ठोकून अक्षर उमटवलेला तांब्याचा तुकडा, असतो आणि दुसऱ्या टोकाने वितळलेला धातू ओतला जातो. डेव्हिड ब्रूस यांनी १८३८ साली अमेरिकेत यंत्राने खिळे ओतण्याची रीत आणली, तरी साच्याचे तत्त्व बदलले नाही. धातू निव्वळ शिशाचा नसतो. अँटिमनीमुळे त्याला कठीणपणा येतो व थिजताना होणारे आकुंचन कमी होते, तर कथिलामुळे तो अक्षराच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील यांचे मिश्रण मात्र २४० अंशांच्या आसपासच वितळते.

साच्याचे दोन्ही भाग कितीही घट्ट मिटले तरी त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट उरते, आणि ती उरावीच लागते, कारण धातू आत शिरताना आतली हवा तिथूनच बाहेर पडते. मग त्याच फटीतून धातू का निसटत नाही? वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण सहापट असतो आणि स्वच्छ साच्याच्या भिंतीला ते चिकटत नाही, त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या फटीत त्याला घुसवायचे तर जवळजवळ वातावरणाएवढा दाब लागेल. हीच फट दहापट रुंद झाली, तर नऊ-दहा सेंटिमीटर उंचीच्या शिशाच्या स्तंभाचा दाबही पुरतो. मिटणाऱ्या पृष्ठभागांवर धातूचा एखादा कण अडकला की नेमके असेच घडते: साचा किंचित उघडा राहतो, खिळ्याच्या कडेला धातूचा पातळ पापुद्रा निघतो आणि खिळ्याचे अंगही जाड होते. प्रत्येक खिळा इंचाच्या फक्त हजाराव्या भागाने जाड झाला, तरी साठ खिळ्यांची ओळ दीड मिलिमीटरने लांबते. पापुद्रा खरवडायचा राहून गेला, तर शेजारचे दोन खिळे भिडत नाहीत आणि शिरोरेषा तिथे तुटते.

अडकलेला कण लगेच काढावा लागतो, याचे आणखी एक कारण आहे. नवा धातू साच्याच्या पितळेला चिकटत नसला, तरी तो जुन्या चिकटलेल्या कणाला सहज चिकटतो, आणि म्हणून डाग प्रत्येक ओतणीगणिक वाढत जातो. साचा गरम असताना कण मऊ असतो, अशा वेळी तो लाकडाच्या काडीने किंवा जाड सुती कापडाने निघून येतो. पोलादी टोकाने खरवडल्यास कण निघतो खरा, पण साच्यावर ओरखडा उठतो आणि पुढचा धातू त्या ओरखड्यालाच धरून बसतो. घासण्याच्या पावडरीने साचा चकचकीत करण्याचा मोहही टाळावा. वापरून वापरून तांब्या-पितळेवर बसलेला काळपट ऑक्साइडचा थर धातूला चिकटू देत नाही. बिडाचा मुरलेला तवा जसा आपण घासून पांढरा करत नाही, तसाच हा थरही जपायचा असतो. राळेचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. भांड्यातल्या वितळलेल्या धातूवर राळ टाकून ढवळले, तर वर साचलेल्या मळीतले, म्हणजे ऑक्साइडच्या सायीतले, बरेच कथील आणि शिसे पुन्हा धातुरूपात येते. परंतु तीच राळ साच्याला लागली, तर तिथला ऑक्साइडही ती विरघळवते आणि खिळा मातृकेला डाग देऊन जोडल्यासारखा चिकटून बसतो.

तेलाच्या बाबतीतही तारतम्य लागते. सरकत्या भागांना तेलाचा अंश हवा असतो, पण पोकळीत गेलेले तेल गरम धातू लागताच वाफाळते, तो वायू धातूला भिंतीपासून दूर रेटतो आणि खिळ्यावर सुरकुत्या पडतात. साचा पुरेसा तापलेला नसला तरीही सुरकुत्याच पडतात, म्हणून आधी साच्याचे तापमान पाहावे आणि मगच तेलाला दोष द्यावा. तेल पुसायला स्पिरिट वापरले, तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत साचा आगीपासून लांब ठेवावा. पाण्याने धुतलेला साचा तर पुरता कोरडा झाल्याशिवाय धातूजवळ नेऊच नये. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढते, त्यामुळे धातूखाली सापडलेला एक थेंबही तापलेले शिसे अंगावर उडवू शकतो.

साफसफाईतला मोठा धोका शिशाच्या वाफेपेक्षा धुळीचा आहे. शिसे सुमारे १७५० अंशांना उकळते, ओतशाळेतले तापमान त्याच्या जवळपासही जात नाही. पण मळीची भुकटी आणि कोरड्या ब्रशने उडालेली ऑक्साइडची धूळ नाकातोंडावाटे शरीरात जाते. म्हणून साचा फुंकरीने किंवा हवेच्या झोताने झाडू नये, थंड झाल्यावर ओलसर फडक्याने टिपून वाळवावा आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मुलांच्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही अपाय करते, तेव्हा कामाचे कपडे घरी नेणेही चुकीचेच.

काम थांबल्यावर साच्याचा शत्रू दमट हवा. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोलादी भागांना पावसाळ्यात लवकर गंज धरतो, म्हणून साच्यावर खनिज तेलाचा पातळ हात फिरवून तो कोरड्या डब्यात ठेवतात आणि पुन्हा वापरण्यापूर्वी ते तेल पूर्णपणे पुसून काढतात. ओतलेले खिळे मात्र बंद लाकडी खणात वर्षानुवर्षे ठेवणे घातक असते. काही लाकडांतून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि अक्षराचा चेहरा कुरतडला जातो. संग्रहालयांत जुने खिळे जपणाऱ्यांनी सर्वांत आधी ते खण उघडून पाहावेत.