अल्पमुदत निवास परवाना, नागपूर

अल्पमुदत निवास परवाना : राहते घर, त्यातील खोली किंवा रिकामा फ्लॅट दिवसाच्या वा आठवड्याच्या हिशोबाने पाहुण्यांना देण्यासाठी घरमालकाला लागणाऱ्या नोंदी, दाखले व अनुमती यांचे सामुदायिक नाव. बोलण्यात ‘होमस्टेचं लायसन्स’ म्हणतात, पण या नावाचा एकच कागद नाही. महानगरपालिका, पोलीस, पर्यटन संचालनालय आणि करविभाग आपापल्या कायद्यांनुसार घराच्या वेगवेगळ्या बाजू पाहतात.

पूर्वपीठिका : या नियमनाचे मूळ सराय अधिनियम, 1867 मध्ये दाखवण्याची पद्धत आहे. प्रवाशांना उतरण्यासाठी वापरलेली कोणतीही इमारत, किंवा इमारतीचा तेवढाच भाग, त्या कायद्याने ‘सराय’ ठरवली. तिची नोंद दंडाधिकाऱ्याकडे करणे, आवार स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे व दरांचा तक्ता लावणे ही सरायवाल्याची कामे होती. कसूर झाल्यास दंड 20 रुपयांपर्यंत. इमारतीच्या भागालाही कायदा लागू करण्याची ही कल्पना आजच्या होमस्टेशी जुळते, हे खरे. तरी नागपुरापुरते पाहता सध्याच्या परवान्यांची वंशावळ नगरपालिकेच्या आरोग्यविषयक अधिकारांकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. येथील नगरपालिका 1864 ची. पुढे मध्य प्रांत नगरपालिका अधिनियम, 1922, नंतर नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, 1948 (महानगरपालिका प्रत्यक्षात 1951 मध्ये आली) आणि साधारण 2012 पासून राज्यातील इतर शहरांचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, असा हा क्रम आहे. शेवटच्या कायद्यात ‘लॉजिंग हाउस’ची व्याख्या आहे : पैसे घेऊन राहण्याची सोय पुरवणारी इमारत वा तिचा भाग, जेवण असो वा नसो. शब्दशः वाचल्यास मनीषनगरातील दोन बेडरूमचा फ्लॅटही तीत बसतो.

पाहुण्याचा दर्जा : खरा गुंता येथे आहे. मुंबईचा 1947 चा भाडे कायदा विदर्भात नव्हता. येथे मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, 1949 चालत असे. भाडेकरूला नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे आणि घर रिकामे झाले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागे. जुन्या वस्त्यांतले घरमालक आजही ‘एकदा घुसला की निघत नाही’ म्हणतात, त्या धास्तीची मुळे या आदेशात आहेत. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेपट्टा न करता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा) करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ही जबाबदारी घरमालकाची असते. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग तीन रात्रींच्या पाहुण्यासाठीही नोंदणी करायची काय? याच अधिनियमातील ‘लायसन्सी’च्या (अशा कराराने राहणाऱ्याच्या) व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळला आहे, हॉटेल, लॉजिंग हाउस, गेस्ट हाउस, धर्मशाळा येथे उतरलेली व्यक्तीही वगळली आहे. पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबाबाहेरची अशी व्यक्ती, जिला जागा देणारा स्वतः राहतो त्याच जागेचा भाग दिला आहे. नागपुरातले नेहमीचे घर येथे अडचण करते. मालक तळमजल्यावर, वरच्या दोन खोल्यांना बाहेरून जिना आणि वेगळे वीजमीटर. गोंदियाहून उपचारासाठी आलेले कुटुंब वर तीन आठवडे राहते. जिना बाहेरून असल्याने वरचा मजला वेगळी ‘जागा’ ठरतो, असे एक वाचन. इमारत व अंगण एकच, म्हणून पेइंग गेस्ट, असे दुसरे. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (1959) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कराराच्या नावापेक्षा पक्षांचा हेतू आणि जागेचा अनन्य ताबा यांना महत्त्व मिळाले. तो प्रश्न भाडेपट्टा की लायसन्स असा होता. तरी किल्ली, साफसफाई आणि चादरी मालकाच्या हाती असतील, तर पाहुणा लॉजिंगचा ग्राहक मानणे त्या निकालाच्या रोखाशी जुळते. मालक शहरातच नसलेल्या फ्लॅटला पेइंग गेस्टची सोय मुळीच मिळत नाही. दर्जा ठरण्याचा व्यावहारिक परिणाम असा की मुदतीनंतर न निघणाऱ्या लायसन्सीविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, शिवाय दुप्पट दराने भरपाई मागता येते. वगळलेल्या पाहुण्याविरुद्ध हा मार्ग नाही.

पोलीस : भाडेकरू व पाहुण्यांची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश पोलीस आयुक्त काढतात. ते पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. एका आदेशाचे आयुष्य दोन महिने. विदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत कळवावी लागते. एका रात्रीच्या मुक्कामालाही सूट नाही.

पर्यटन : केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्या (कमाल 12 खाटा), सिल्व्हर व गोल्ड अशा श्रेणी, आणि मालकाने त्याच घरात राहण्याची अट आहे. राज्याच्या योजनेला ‘निवास व न्याहारी’ असे नाव मिळाले.

कर : 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्याआधी 12. मालकाची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि बुकिंग ऑनलाइन मंचावरून झाले असेल, तर कर भरण्याची जबाबदारी मंचाची.

हद्द : महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. क्रिकेट सामन्यांच्या वेळी ज्या गावाभोवती खोल्यांची मागणी वाढते ते जामठा मात्र हद्दीबाहेर असल्याने तेथे महानगरपालिकेचा परवाना गैरलागू. गृहनिर्माण संस्थांत वेगळाच वाद. 2001 च्या शासन आदेशाने बिनभोगवटा शुल्क (सदनिकेत स्वतः न राहता ती दुसऱ्याला देणाऱ्या सभासदाकडून संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुरते मर्यादित केले. मालक स्वतः राहत असून एकच खोली देत असल्यास हे शुल्क लावण्यास आधार राहत नाही.