हाफेनसिटी: पूरबांधाच्या बाहेर वसवलेलं शहर

जर्मनीतलं हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे 100 किलोमीटर आत, एल्ब नदीवर वसलंय. तरी तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी साडेतीन मीटरच्या आसपास वर-खाली होतं. फेब्रुवारी 1962 मधल्या वादळात हे पाणी समुद्रसपाटीपेक्षा 5.70 मीटर चढलं, बांध फुटले आणि शहरात 315 माणसं दगावली. 1976 मध्ये ते 6.45 मीटरपर्यंत गेलं. कंटेनर जहाजांना अपुऱ्या पडू लागलेल्या जुन्या गोद्यांचा 157 हेक्टरचा भाग शहराने हाफेनसिटी म्हणून नव्याने वसवायला घेतला, तो पूरबांधाच्या बाहेरचा होता. आराखडा 2000 साली मंजूर झाला.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे कोकणातल्या खारबंधाऱ्यासारखा भोवताली बांध घालायचा. पण बांधाचं शेवटचं टोक जुळेपर्यंत आतलं एकही घर सुरक्षित नसतं, म्हणजे सगळा खर्च आधीच करावा लागतो. हॅम्बुर्गने उत्तर समुद्राकाठच्या शेतकऱ्यांची जुनी रीत उचलली: घराखालची जमीनच उंच करायची. नवे रस्ते आणि इमारतींचे चौथरे समुद्रसपाटीपासून आठ मीटरच्या आसपास नेले. जुने धक्के मात्र साडेचार-पाच मीटरवरच ठेवले. तिथे फिरायला जागा आहे, आणि मोठ्या उधाणात ती पाण्याखाली जाणार हे गृहीतच धरलंय. चौथऱ्याच्या पोटात वाहनतळ आहेत. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण एकेक तुकडा उंच करत शहर वाढवता येतं.

खरी अडचण जमिनीखाली असते. वर मऊ चिखलमाती आणि कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्याखाली घट्ट वाळू. तीन मीटर भराव टाकला की दर चौरस मीटरवर साडेपाच टनांच्या आसपास वजन येतं. चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन पुढची कित्येक वर्षं खचत राहते. इमारत वाळूपर्यंत गेलेल्या पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उभी असल्याने ती खचत नाही, शेजारचा रस्ता खचतो. मग इमारतीत शिरणारी जलवाहिनी, गटार आणि केबल नेमकी भिंतीपाशी तुटते. म्हणून भराव आधी टाकून त्याला बसायला वेळ द्यायचा आणि जोडणीला लवचिक सांधे ठेवायचे. खचणारी माती पाइललाही खाली ओढते, तो भार हिशेबात धरावाच लागतो.

धक्क्याची जुनी भिंत भरतीत क्वचितच पडते, ती ओहोटीत पडते. समोरचं पाणी झपाट्याने उतरतं, पण भिंतीमागच्या मातीतलं तिथेच अडकतं. दोन मीटरचा फरक पडला तरी तळाशी दर चौरस मीटरला दोन टनांचा जादा रेटा येतो. त्यासाठी भिंतीत निचऱ्याची भोकं असतात. ती गाळाने बुजली तर भिंत कलते. भोकांमागे गाळणीचा थर नसेल तर मातीच वाहून जाते, आत पोकळी तयार होते आणि वरची फरसबंदी एक दिवस धसते. म्हणूनच धक्क्यालगतच्या काही इमारतींचे वरचे मजले धक्क्यावर पुढे काढलेत, तरी त्यांचा भार धक्क्याच्या भिंतीवर येऊ दिलेला नाही.

वाहनतळांच्या दारांना पूरफाटके आहेत. त्यांच्या खाचेत कचरा साचला किंवा रबर सुकलं तर फाटक बंद असूनही पाणी आत येतं. त्यामुळे ती वेळोवेळी लावून बघावी लागतात. जुनी गोदामं असलेलं श्पायखरश्टाट खालच्या पातळीवरच राहिलंय, त्यावरून किबेलश्टेग हा उंच पूल बांधाच्या आतल्या शहराला जोडतो. पुरातही अग्निशमन दल त्यावरून जाऊ शकतं.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरही तसाच मऊ चिखल आहे. बॅलार्ड इस्टेट तर अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेल्या भरावावर उभी आहे. इथे असा आराखडा काढताना आधी पातळ्या एकाच शून्यावर आणाव्या लागतील. भरतीच्या तक्त्यातली उंची नौकानकाशाच्या, म्हणजे जहाजांसाठीच्या सागरी नकाशाच्या, शून्यापासून मोजलेली असते, आणि मुंबईत ते सरासरी समुद्रसपाटीच्या अडीच मीटर खाली आहे. तक्त्यात 5 मीटर दिसली तर समुद्रसपाटीवरून ती भरती अडीच मीटरचीच. दोन्ही आकडे एका नकाशात मिसळले, तर चौथरा तितकाच चुकतो.