एक गुपित ठेवतो, दुसरा सांगून टाकतो: दोन स्पायडर-मॅनमधला फरक

रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला ‘स्पायडर-मॅन’ लागला होता. रिमोट माझ्या भाचीकडे होता. ट्रेन रुळांच्या टोकाकडे धडधडत निघाली तशी ती म्हणाली, “मामा, यातच ती मुलगी घड्याळाच्या टॉवरमध्ये पडून मरते ना? मग मघाशी ती लाल केसांची कोण होती?” दोन्ही सीन तिनं पाहिलेले, दोन्ही तिला आवडलेले, आणि दोन्ही तिच्या डोक्यात एकाच पिक्चरमध्ये जाऊन बसलेले.

असा घोळ अनेकांचा होतो. चॅनेलवर हे चित्रपट कुठलाही क्रम न पाळता लागतात, पोशाख तोच लाल-निळा, शहर तेच न्यूयॉर्क, नाव तेच पीटर पार्कर. पण या दोन वेगळ्या मालिका आहेत आणि एकीत घडलेलं दुसरीत घडलेलंच नाही.

पहिली मालिका सॅम रायमीची. २००२, २००४ आणि २००७ असे तीन भाग. पीटर झाला टोबी मॅग्वायर, आणि लाल केसांची ती मेरी जेन, म्हणजे कर्स्टन डन्स्ट. दुसरी मालिका मार्क वेबची. नावातच ‘अमेझिंग’ आहे. २०१२ आणि २०१४ असे दोनच भाग. पीटर अँड्र्यू गारफिल्ड, आणि सोनेरी केसांची ग्वेन स्टेसी म्हणजे एमा स्टोन. टॉवरमध्ये पडते ती ही ग्वेन. गोंधळात भर म्हणजे रायमीच्या तिसऱ्या भागातही ग्वेन स्टेसी नावाचं पात्र आहे. ती भूमिका ब्राइस डॅलस हॉवर्डची, आणि तिथे ती मरत नाही.

दुसऱ्या मालिकेला ‘रिबूट’ म्हणतात. सीक्वेलमध्ये आधीचं सगळं घडून गेलेलं असतं आणि गोष्ट पुढे सरकते. रिमेकमध्ये जुनाच चित्रपट नव्यानं करतात. रिबूटमध्ये पात्रं तीच, पण पाटी कोरी. पीटरला शक्ती देणारा कोळी पुन्हा चावतो, त्याला वाढवणारा बेनकाका पुन्हा मरतो. रायमीचा चौथा भाग २०११ मध्ये यायचा होता. पटकथा मनासारखी जमेना, म्हणून २०१० च्या जानेवारीत रायमी बाजूला झाला आणि हे चित्रपट काढणाऱ्या सोनी कंपनीनं लगेच नव्यानं सुरुवात करायचं जाहीर केलं. घाई होती, कारण ठरावीक मुदतीत पुढचा चित्रपट आला नाही तर हक्क मूळ कॉमिक्सवाल्या मार्वल कंपनीकडे परत जातील, अशी करारात अट होती. म्हणून जुना पीटर लोकांच्या डोळ्यांपुढून हलायच्या आतच, पाच वर्षांत, नवा येऊन उभा राहिला.

मध्येच चॅनेल लावलं आणि कोणता स्पायडर-मॅन आहे ते कळत नसेल, तर मनगटाकडे बघा. रायमीच्या पीटरचं जाळं अंगातूनच येतं, मनगटाच्या कातडीतून. गारफिल्डच्या मनगटावर यंत्र असतं. ऑस्कॉर्प कंपनीचा धागा घेऊन त्यानं घरी बसून बनवलेलं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये हे पात्र निर्माण केलं तेव्हा जाळ्याचं यंत्रच होतं, त्यामुळे कॉमिक्स वाचणाऱ्यांना रिबूटचं मनगट जवळचं वाटलं.

हा फरक दिसतो बारीक, पण गोष्ट त्यावर वळते. २००४ च्या भागात पीटर कॉलेज, नोकरी आणि मेरी जेन या ओढाताणीत इतका पिचतो की हवेत झेपावलेला असतानाच जाळं यायचं बंद होतं. मन थकलं म्हणून अंग थकलं. यंत्र लावलेल्या पीटरच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. २०१४ मध्ये इलेक्ट्रो या खलनायकाच्या विजेनं त्याची यंत्रं जळतात, तो घरी बॅटऱ्यांवर प्रयोग करत बसतो, आणि बॅटरीला चुंबकत्व दे हा साधा शाळेतला उपाय ग्वेन सुचवते. एकाला त्याचं मन सावरल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्याला कुणीतरी हुशार सोबतीण मिळते.

आणि इथेच, माझ्या मते, या दोन मालिकांमधला खरा फरक आहे. रायमीचा पीटर गुपित ठेवतो. वेबचा पीटर सांगून टाकतो.

रायमीच्या पहिल्या भागाच्या शेवटी मेरी जेन स्मशानभूमीत त्याला सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. हेच ऐकायला तो लहानपणापासून आसुसलेला. तरी तो नाही म्हणतो आणि पाठ फिरवून चालू लागतो, कारण हो म्हटलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर तिचा जीव धोक्यात येईल. या एका नकाराची किंमत तो पुढचा अख्खा चित्रपट चुकती करतो. पिझ्झा वेळेत पोचत नाही म्हणून नोकरी जाते, लेक्चर बुडतात, मेरी जेनच्या नाटकाला पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं. खोलीचं भाडं थकतं. घरमालकाचं नाव डिटकोविच आहे, स्टीव्ह डिटकोची आठवण म्हणून. त्याच भागात बेनकाकाची बायको मेकाकू वाढदिवसाला पीटरच्या हातात वीस डॉलर कोंबते. तिचं स्वतःचं घर बँक जप्त करायच्या बेतात आहे. तो नको म्हणतो तर ती एकदम चिडून ओरडते, घे म्हणते, आणि लगेच माफी मागते. रोझमेरी हॅरिसनं तो क्षण असा केला आहे की आपल्याच घरातल्या कुणा म्हातारीचा हात आठवावा. महाशक्ती असलेला पोरगा, आणि वीस डॉलर घेताना त्याची मान खाली. रायमीची मालिका मला आवडते ती यामुळे.

वेबचा पीटर पहिल्याच भागाच्या मध्यात ग्वेनच्या घरी जेवायला जातो. तिचे वडील पोलिस कॅप्टन. त्यांचा आणि याचा स्पायडर-मॅनवरून खटका उडतो. मग गच्चीत तो ग्वेनला सांगायला बघतो, पण शब्द फुटत नाहीत. ती वैतागून जायला वळते, तोच जाळ्याचा एक धागा तिच्यापर्यंत पोचतो आणि ती गिरकी घेत त्याच्याकडे ओढली जाते. संपलं गुपित. मेरी जेनला हेच कळायला दुसऱ्या भागाचा शेवट यावा लागतो.

मुखवट्याचे दोन सीन शेजारी ठेवून पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. त्यातला एक नेमका त्या रविवारी समोर चालला होता.

२००४ च्या भागातला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस, त्यानं ट्रेन थांबवायची यंत्रणाच मोडून टाकलीय. पीटरचा मुखवटा ठिणग्यांनी जळतो म्हणून तो काढून टाकतो आणि उघड्या चेहऱ्यानं गाडीच्या तोंडाशी उभा राहतो. आधी पाय रोवतो, पायाखालच्या फळ्या तुटत जातात. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी मारून ती छातीशी ताणून धरतो. पोशाख उसवतो, गळ्याच्या शिरा तट्ट फुगतात. गाडी थांबते ती अगदी कड्यावर, आणि तो पुढे कोसळतो. कोसळताना काचेतून हात येतात. माणसं त्याला आत घेतात, डोक्यावरून, हातोहात, एखाद्या आजारी पोराला न्यावं तसं नेऊन निजवतात. एक जण म्हणतो की हा तर पोरच आहे, माझ्या मुलाहून मोठा नाही. मग दोन छोटी मुलं मुखवटा पुढे करतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही. म्हणजे ज्याचं गुपित उघडं पडलं, ते अख्ख्या डब्यानं मिळून पुन्हा झाकलं. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल त्याची मोजदाद नाही, पण त्या हातांपाशी आलो की बोलणं बंद होतं.

आता २०१२ चा विल्यम्सबर्ग पूल. लिझार्ड हा खलनायक मोटारी नदीत भिरकावतोय. पीटर जाळ्यांनी त्या पुलाला टांगून ठेवतो. एका टांगलेल्या मोटारीत लहान मुलगा अडकलाय आणि तो या मुखवटेवाल्याला बघून आणखीच घाबरलाय. तेव्हा पीटर आपणहून मुखवटा काढतो. बघ, मी साधाच माणूस आहे. गाडी पेटते, मुलानं वर चढायला हवं. पीटर मुखवटा त्याच्याकडे टाकतो आणि घाल म्हणतो, यानं बळ येईल. लाल मुखवटा घातलेलं ते पोर पेटत्या गाडीतून वर चढत येतं. मुलगा बापाच्या हाती दिल्यावर बाप विचारतो, तू कोण? आणि पीटर पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगतो, स्पायडर-मॅन. पुढे हाच बाप शहरातल्या क्रेनवाल्यांना फोन करून क्रेन एका ओळीत फिरवायला लावतो, जखमी पीटरला झेपावत जाता यावं म्हणून.

दोन्हीकडे शहरातली साधी माणसं पाठीशी उभी राहतात. पण एकीकडे चेहरा लपवायला मदत करतात, दुसरीकडे चेहरा दाखवला म्हणून करतात.

बेनकाकाच्या मरणाचंही असंच. रायमीच्या पहिल्या चित्रपटात पीटर कुस्तीच्या रिंगणात उतरतो. तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, असं कबूल केलेलं. तो दोनच मिनिटांत जिंकतो आणि हातावर शंभर ठेवले जातात. त्या रागात तो पैसे लुटून पळणाऱ्याला वाट देतो, आणि तोच चोर काकाचा जीव घेतो. रिबूटमध्ये रक्कम आहे दोन सेंट. दुधाच्या बाटलीला तेवढे कमी पडतात, दुकानदार ऐकत नाही, गल्ला लुटणारा चोर जाता जाता बाटली पीटरकडे फेकतो आणि पीटर गप्प राहतो. काकाचा जीव इथेही तोच चोर घेतो. मला हा बदल पटतो. इतक्या क्षुल्लक कारणानं माणूस आडमुठा होतो हे खरं आहे. पण पुढे वेब तो धागा सोडूनच देतो. मारेकरी दोन्ही भागांत सापडत नाही, आणि काही वेळानं पीटर त्याला शोधेनासाही होतो. थोर शक्तीसोबत थोर जबाबदारी येते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्यही रिबूटच्या बेनकाकाच्या तोंडी तसंच्या तसं नाही, जरा फिरवून आहे.

रिबूटची मला खटकणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईवडिलांचं रहस्य. पीटरचे वडील शास्त्रज्ञ, ते लहानग्याला सोडून गेले, ते का, यावर दोन चित्रपट खर्ची पडलेत. शेवटी कळतं काय, तर वडिलांनी कोळ्यांवर प्रयोग केले ते स्वतःच्या रक्ताचा अंश वापरून, त्यामुळे तो दंश फक्त त्यांच्या मुलालाच मानवणार होता. यानं या पात्राचा प्राणच जातो. कोळी कुणालाही चावू शकला असता, तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका सामान्य पोराला चावला, हीच तर जमेची बाजू होती. आपल्या इरफान खानचं पात्रही याच रहस्यात गुंतलेलं होतं. ऑस्कॉर्पचा डॉक्टर राजित राठा. पुलावरच्या प्रसंगापर्यंत तो आहे, त्यानंतर चित्रपट त्याचं पुढे काय झालं ते सांगतच नाही. इरफानसारखा नट हाताशी असताना असं व्हावं याचं वाईट वाटतं.

पण ग्वेनच्या बाबतीत रिबूट रायमीच्या पुढे जातं, आणि हे मी मनापासून म्हणतो. कॉमिक्समध्ये ग्वेन १९७३ सालच्या १२१ व्या अंकात मरते. पुलावरून पडताना पीटरचं जाळं तिला धरतं, पण त्याच झटक्यानं मान मोडते. रायमीनं २००२ मध्ये या प्रसंगाला मेरी जेनला उभं केलं: ग्रीन गॉब्लिन या खलनायकाच्या एका हातात ती, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेली रोपवे केबिन. गुपित ठेवूनही ती त्या पुलावर पोचतेच. पीटर दोघांनाही वाचवतो. वेबनं २०१४ मध्ये मूळ हिशोब चुकता केला. मरताना कॅप्टन स्टेसीनं पीटरकडून वचन घेतलेलं, ग्वेनला यात ओढू नकोस. पीटर तिचा हात जाळ्यानं गाडीला चिकटवून जातो, तर ती स्वतःची सुटका करून मागे येते. हा निर्णय माझा आहे, असं सांगून. तिला सगळं ठाऊक होतं, म्हणून ती तिथे होती. घड्याळाच्या दातेरी चाकांत धागा तुटतो, ती पडते, पीटरचं जाळं खाली झेपावतं आणि टोकाशी पसरतं, बोटं पसरावीत तसं. ती जमिनीला टेकता टेकता थांबते, पण वाचत नाही. घड्याळाचे काटे एक वाजून एकवीस मिनिटांवर थांबतात, त्या १२१ व्या अंकाची खूण म्हणून.

वेबचा तिसरा भाग आलाच नाही. २०१५ मध्ये सोनी आणि मार्वलचा करार झाला, पीटरच्या जागी टॉम हॉलंड आला आणि पुन्हा पाटी कोरी झाली. जुन्या दोघांचा निरोपही नीट झाला नव्हता. तो झाला २०२१ च्या चित्रपटात, जिथे तिघं पीटर एकत्र येतात. (२०२३ चा स्पायडर-मॅनचा ॲनिमेशनपट भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती, त्यामुळे पुढच्या पिढीला हा घोळ मायबोलीतच सोडवता येईल.)

भाचीला मी क्रम लिहून दिलाय: आधी २००२, मग २००४. २००७ चा वेळ उरला तर, कारण तीन खलनायक कोंबल्यानं तो फार विस्कटलाय. मग २०१२ आणि २०१४ लागोपाठ, मध्ये दुसरं काही न पाहता. २०२१ चा अगदी शेवटी. त्यात एक मुलगी उंच मचाणावरून खाली पडते, गारफिल्डचा पीटर तिच्यामागे उडी घेतो, या वेळी स्वतःच्या हातांनी तिला धरतो आणि जमिनीवर उतरवतो. तिला काही झालेलं नसतं. त्याचेच डोळे भरून आलेले असतात, आणि ती त्याला विचारते, तू ठीक आहेस ना? टॉवर आधी पाहिला नसेल तर त्या प्रश्नाचा अर्थच लागत नाही.