वळीव की मोसमी? पावसासोबत पाराही बघा

मे महिन्यात धो धो कोसळला की "लागला एकदाचा पाऊस" म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा तो वळीव असतो. मोसमी पाऊस वेगळा, आणि पेरणीच्या तोंडावर ही गल्लत फार महागात पडते.

वळीव जागच्या जागी तयार होतो. सकाळपासून जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारी तीन-चारनंतर काळा ढग डोक्यावर उभा राहतो. आधी सोसाट्याचा वारा नि धूळ, मग टपोरे थेंब, विजा, कधी गारा. तासाभरात सगळं शांत. या गावच्या ओढ्याला पूर येतो आणि शेजारच्या शिवारात फुफाटा उडत असतो.

मोसमी पाऊस नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर समुद्रावरून येतो. त्यात कडकडाट कमी, झड जास्त. साधारण १ जूनला केरळात, ११ जूनच्या सुमाराला मुंबईत.

दोघांना ओळखायची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तापमान. वळवाने संध्याकाळी पारा झपकन उतरतो, पण दुसऱ्या दुपारी पुन्हा तीच काहिली, वर घामाच्या धारा. मोसमी पाऊस स्थिरावला की दिवस-रात्रीच्या तापमानातलं अंतरच आटतं. नागपुरात मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं, जुलैत ३१-३२ वर येतं. रात्रीचा पारा मात्र जेमतेम चारएक अंश उतरतो. पुण्यात तर मेपेक्षा एप्रिलच थोडा जास्त तापतो, कारण मेमध्ये पश्चिमेचे वारे आणि वळवाचे ढग सुरू झालेले असतात.

महिन्याच्या तक्त्यात हे काहीच दिसत नाही. दोन्ही पाऊस एकाच रकान्यात बसतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. हवामान खात्याचा मोसमी हंगाम मोजला जातो १ जूनपासून, म्हणून ते दिवस पूर्वमोसमी हिशेबात गेले. मेचा आकडा वाचताना रोजच्या नोंदी सोबत हव्यातच.

पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा असं कृषी खातं सांगतं. वळवाच्या एका सरीने वरचा थरच भिजतो, बी उगवतं आणि पुढच्या उन्हात करपतं. खुरप्याने वीतभर उकरून बघा. खाली कोरडी माती लागली, तर बियाण्याची पिशवी अजून फोडू नका.