लाइट गेल्यावर कुठला लॉग कामाला येतो: टेक्स्ट सिसलॉग की बायनरी जर्नल?

खानापूर असो, निपाणी असो नाहीतर चिकोडी, आपल्या हिकडं दुकानाच्या किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात लिनक्सचं मशीन असेल तर पावसाळ्यात एक गोष्ट ठरलेली: रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, मशीन बंद पडलं, आणि सकाळी सगळे विचारतात नेमकं झालं काय. जुनी सवय असलेला माणूस थेट व्हार-लॉग फोल्डरात जाऊन मशीनची नोंद (लॉग) साध्या टेक्स्टमधे ठेवणारी सिसलॉग नावाची फाइल शोधतो. डेबियन १२ (लिनक्सचीच एक आवृत्ती, २०२३) नव्यानं टाकलेलं असेल तर ती फाइल नसतेच, कारण ती लिहिणारा आरसिसलॉग प्रोग्रॅम आता आपोआप इन्स्टॉल होत नाही, सगळं सिस्टमडीच्या (मशीन चालू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) जर्नल नावाच्या बायनरी लॉगमधे जातंय. मग लोक म्हणतात लॉग बायनरी झाला म्हणजे लॉक झाला. तसं काही नाही, तो फक्त साधी फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडनं वाचता येत नाही, जर्नलसीटीएल कमांडनं वाचावा लागतो.

आणि बायनरी लॉग सिस्टमडीनंच आणला हेही खरं नाही. कोण कधी लॉगिन झालं ते ठेवणारी डब्ल्यूटीएमपी फाइल युनिक्समधे फार आधीपासून बायनरीच आहे, ती लास्ट कमांडनं वाचतात.

सिसलॉग आला १९८० च्या दशकात, एरिक ऑलमननं सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी केलेला. एक मेसेज म्हणजे एक ओळ: तारीख, मशीनचं नाव, प्रोग्रॅमचं नाव, पुढं मजकूर. ग्रेप मारून शब्द शोधा, टेल लावून शेवटच्या ओळी बघा, काहीही करा, पण त्या जुन्या पद्धतीच्या ओळीत वर्षच नसतंय, आणि ओळीत जे नाव लिहिलंय तेच खरं धरून चालावं लागतंय, लॉगर कमांडनं कुणीही एसएसएचडीच्या (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) नावानं ओळ घुसवू शकतो. सिस्टमडी लिहिणारे लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०११ मधे जर्नल मांडलं त्यात हेही एक कारण होतं. जर्नलमधे मेसेज पाठवणाऱ्याचा प्रोसेस नंबर, युजर वगैरे माहिती कर्नलकडून (लिनक्सचा गाभा) घेऊन वेगळ्या फील्डमधे ठेवतात, ती पाठवणाऱ्याला बदलता येत नाही. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर सिसलॉग म्हणजे नुसती किर्द, जर्नल म्हणजे किर्द आणि खतावणी दोन्ही एका फाइलीत, म्हणून एकाच सर्व्हिसचं, एकाच बूटचं (मशीन एकदा चालू झाल्यापासून बंद पडेपर्यंतचं), फक्त एरर असलेलं असं वेगळं काढता येतंय.

आता लाइटीचं. जर्नलसीटीएल डॅश बी डॅश वन मारून मागच्या बूटचा शेवट बघा. शेवटी 'जर्नल स्टॉप्ड' दिसलं तर मशीन नीट बंद झालंय. क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) एखादी साधी ओळ येऊन तिथंच तुटलं असेल तर करंट गेला, नाहीतर हँग झालं म्हणून कुणीतरी बटण दाबलं. अशा वेळी अर्धवट राहिलेल्या जर्नल फाइलीच्या नावाच्या शेवटी टिल्ड (~) लावून ती बाजूला ठेवली जाते आणि नवी फाइल चालू होते, जुनीतला शाबूत भाग तरीही वाचता येतो. टेक्स्ट फाइल सुटते असं मात्र समजू नका, तिच्यातही मधेच शून्य बाइट घुसतात आणि ग्रेप म्हणतो ही बायनरी फाइल आहे, मग डॅश ए लावून शोधायचं.

जर्नल साधे मेसेज दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्के करतंय, क्रिटिकल किंवा त्याहून गंभीर असेल तर लगेच. आपल्याकडं ती वेळ सेटिंगमधे कमी करून ठेवलेली बरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हार-लॉगमधे जर्नल नावाचा फोल्डर आहे का ते आजच बघा, काही मशीनवर तो नसतो आणि मग जर्नल रॅममधेच राहतंय, लाइटीबरोबर तेही जातंय. जर्नलसीटीएल लिस्ट-बूट्स मारल्यावर एकच बूट दिसला तर बहुतेक तसंच आहे समजायचं.

टेक्स्टची खरी ताकद मशीन मेल्यावर कळते. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते, बेळगावातल्या जाणकाराला व्हॉट्सॅपवर पाठवता येते. जर्नलची फाइल वाचायला दुसरं सिस्टमडीवालं लिनक्स लागतंय, आणि तिथलं व्हर्जन फार जुनं असेल तर नवी फाइल उघडतही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आपल्या भागात दोन्ही ठेवा. आरसिसलॉग इन्स्टॉल केला की सिसलॉग फाइल परत दिसायला लागते आणि जर्नलही चालूच राहतंय. जागा दोन्हीकडं जाते हे खरं, पण सिसलॉगच्या जुन्या फाइली लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम कॉम्प्रेस करून ठेवतो, आणि जर्नल मुळातच डिस्कच्या १० टक्के किंवा ४ जीबी यातलं जे कमी असेल त्याच्या पुढं जात नाही.