पुण्याच्या बेअरिंग-बेल्टच्या पेढ्या: पार्श्वभूमी

पुण्याच्या उद्योगाचा इतिहास कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची. या कारखान्यांतली यंत्रं चालू राहावीत म्हणून बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, चेन, कपलिंग पुरवणाऱ्या पेढ्यांचं नाव त्यात क्वचितच येतं. यातल्या बहुतेक पेढ्या घरच्या. बाप काउंटरवर, एक मुलगा वसुलीला, दुसरा गिऱ्हाइकांकडे. हा व्यापार इतकी वर्षं घराण्यांच्याच हाती का राहिला, याचं उत्तर मला त्यांच्या मांडणीवरच्या मालात दिसतं.

साधं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचं माप निघतं : २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. शेजारच्या ६३०५ चं भोकही २५ च, पण बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७. म्हणजे शाफ्टवर दोन्ही बसतील, पण बाहेरून बेअरिंग जिथे बसतं त्या यंत्राच्या खाचेत एकच. मग त्यातही उघडं, पत्र्याच्या झाकणाचं, रबरी सीलचं, गरम होणाऱ्या मोटरसाठी जास्त ढिलाईचं सी-थ्री. एका भोकासाठी एवढे प्रकार, आणि दुकानात भोकांची मापं डझनांनी. रोज खपणारे नंबर थोडे. बाकीचे डबे दोन-दोन, तीन-तीन वर्षं हलत नाहीत. पण रात्रपाळीत लाइन बंद पडते तेव्हा नेमका तोच न हलणारा नंबर हवा असतो. एवढं भांडवल निवांत पडू देणं पगारी व्यवस्थापकाला परवडत नाही, त्याला तिमाहीचा हिशेब द्यायचा असतो. घरचा पैसा असेल तर मात्र डबा वाट पाहू शकतो.

सुरुवात शहराच्या पेठांतून झाली. रविवार पेठेतली बोहरी आळी हार्डवेअरची, नाना पेठ गाड्यांच्या सुट्या भागांची. नेहमीपेक्षा वेगळं काही हवं असलं की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर माणूस जायचा. खरी मागणी मात्र साठच्या दशकात उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच वर्षी किर्लोस्कर कमिन्स आली, १९६६ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) पिंपरीत पाय रोवले. बेअरिंगच्या व्यापाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १९६१. एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीच्या सहभागातून असोसिएटेड बेअरिंग कंपनी त्या वर्षी निघाली आणि तिचा कारखाना चिंचवडला झाला. जयपूरच्या एनबीसीनंतर देशी बेअरिंगचं मोठं नाव आता पुण्याच्या दारातच होतं.

तरीही टंचाई होती. देशात न बनणाऱ्या मापांसाठी परदेशी माल लागे, आणि त्याला आयात परवाना. ज्याच्या गोदामात माल, त्याचा शब्द चाले. पडून राहिलेल्या मालाची किंमत वाढतच जाई, त्यामुळे जुना साठा म्हणजे घरची पुंजी मानली गेली. पेढी बहुधा १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली भावाभावांची असे. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर एक भागीदार वारला की या कायद्याने भागीदारी संपते. त्यामुळे करारातलं ते एक कलम पेढीची पुढची पिढी ठरवत होतं.

पुढे शहराची हद्दच व्यापाराच्या आड आली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र महापालिका झाली. पेठेतून भोसरीला जाणारा माल एका जकात हद्दीतून दुसरीत जाई. ब्रेकडाउनच्या वेळी नाक्यावरचा खोळंबा कोणाला चालणार? भोसरी-चिंचवडकडे गाळा घेणं सोयीचं ठरलं. एक भाऊ पेठेत, एक तिकडे. माझ्या मते पुढच्या अनेक वाटण्यांची रेघ तेव्हाच आखली गेली.

१९९१ च्या उदारीकरणाने पडून राहिलेल्या मालाचा हिशेबच उलटा केला. आयात सुटत गेली, २००१ मध्ये उरलेल्या वस्तू किती आणायच्या यावरची बंधनंही उठली, आणि कालपर्यंतची पुंजी ‘डेड स्टॉक’ झाली. स्वस्त मालाबरोबर नामांकित छाप मारलेला नकली मालही बाजारात आला. नकली बेअरिंग दिसायला सारखंच असतं, फुटतं मात्र चालत्या यंत्रात, आणि शेजारी माणूस उभा असतो. म्हणून कंपनीचं अधिकृत डीलरशिपचं पत्र आणि ‘यांच्याकडे खोटा माल मिळत नाही’ ही घराण्याची पत, या दोन गोष्टींना आता आधी कधी नव्हती एवढी किंमत आली. हा काळ ज्यांनी प्रामाणिकपणे काढला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

करांचा प्रवास थोडक्यात : २००५ ला व्हॅट, एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, जुलै २०१७ ला जीएसटी. नाके गेले, पेठ आणि भोसरीतलं कागदी अंतर मिटलं. २००५ मध्येच हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. ‘अँड सन्स’ अशी पाटी लावलेल्या पेढ्यांना हा बदल समजून घ्यायला वेळ लागला, काहींना अजून लागतो आहे.

आज या पेढ्यांचं सगळ्यात मोठं ओझं उधारीचं आहे. मोठा कारखाना माल आज उचलतो आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी देतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये या उद्योगांच्या यादीत परत घेतलं गेलं, पण केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. त्यामुळे बेअरिंग बनवणाऱ्या लहान कारखानदाराला ४५ दिवसांचं संरक्षण आहे. तेच बेअरिंग तीन वर्षं मांडणीवर सांभाळून अडल्या वेळी देणाऱ्या पेढीला नाही.